सुटा भाग आणि भागवणे : सायकलदुरुस्तीचा अलिखित इतिहास

‘सुटा भाग’ आणि ‘भागवणे’ हे कानाला भावंडे वाटणारे दोन शब्द आहेत. पहिला यंत्रयुगाने आणला. एकाच मापाचे हजारो तुकडे घडवायचे आणि एक झिजला की तसाच दुसरा बसवायचा, ही कल्पना त्यामागे आहे. दुसरा शब्द आपल्या घरातला आहे. साखर संपली की आपण गुळावर भागवतो, छत्री नसली की डोक्यावर पोते घेऊन भागवतो. सायकलदुरुस्तीचा आपल्याकडचा इतिहास या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडला. सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून भागवावे लागले. आणि भागवता भागवता एक अख्खी विद्या उभी राहिली, जिची नोंद कोणी ठेवली नाही.

वाचकहो, सायकल आपल्याकडे विलायतेहून आली हे सर्वांना ठाऊक आहे. ती आपली कधी झाली, असे विचारले तर बहुतेक जण देशी कारखान्यांकडे बोट दाखवतात, म्हणजे १९५० च्या आसपासचा काळ सांगतात. माझे म्हणणे वेगळे आहे. सायकल आपली झाली ती दुरुस्तीच्या ओट्यावर, कारखाने निघण्याच्या कितीतरी आधी. एवढेच नव्हे, आपल्या सायकल उद्योगाचा मोठा भाग त्या ओट्याच्याच पोटातून निघाला. या व्याख्यानात तेवढेच मांडायचे आहे.

बडोद्यात सायकल

आजच्या सायकलीचा आकार, म्हणजे सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने दिलेली गती, हा जॉन केंप स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीने १८८५ पासून इंग्लंडात रूढ केला. आपल्या शहरात सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले ते १८९० मध्ये. आजची सायकल आणि आपले कलाभवन ही दोन्ही अशी एकाच पिढीची आहेत. कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुतारकामाची परंपरा असलेल्या घराण्यातले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळले पाहिजे आणि शास्त्र शिकलेल्याला हाताने काम करता आले पाहिजे, हा त्या संस्थेमागचा विचार होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले.

महाराजांच्या पदरी शिकवलेले पोपट होते. चांदीची चिमुकली सायकल चालवणे आणि चिमुकली तोफ उडवणे हे त्यांचे खेळ पाहुण्यांना दाखवले जात. नव्या यंत्राचे कौतुक राजवाड्यात असे चांदीत मढवले जात होते. शहरात मात्र त्याच यंत्राला कामाला जुंपले गेले. मांडवी मध्ये धरून लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांच्या आत वसलेले जुने बडोदे पायी चालणाऱ्यांच्या आणि घोड्यांच्या मापाने बांधलेले आहे. आमच्या घडियाळी पोळसारख्या वस्तीत मोटार शिरली की दोन्ही बाजूंचे ओटे मोजावे लागतात. सायकल मात्र सहज जाते आणि भिंतीला टेकवून ठेवता येते. कारकून, शिक्षक, टपालवाला, दूधवाला, पुढे अलेम्बिक आणि ज्योतीसारख्या कारखान्यांतला कामगार, या साऱ्यांचे ते वाहन झाले.

ही सायकल यायची नॉटिंगहॅमहून किंवा बर्मिंगहॅमहून. रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे त्या काळच्या घरांत माणसांच्या नावांसारखी घेतली जात. ती घेणाऱ्याला एक गोष्ट उशिरा कळे. सायकल इथे मिळते, पण तिचा प्रत्येक भाग इथे मिळेलच असे नाही. शिवाय एका कंपनीचा भाग दुसरीला बसेलच असेही नाही. पॅडलचा आस ज्या वाट्यांत फिरतो, त्या वाट्यांचे आटे बहुतेक इंग्लिश सायकलींत इंचाला २४ असत. रॅलेचे मात्र इंचाला २६. दोन आट्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. वाटी दोन फेरे आत जाते, मग अडते. जोर लावला की नळीचेच आटे जातात आणि चांगली सायकल कायमची दुखावते. डाव्या पॅडलचे आटे तर उलटेच असतात, कारण चालवताना ते आपोआप सैल होऊ नये. हे ज्याला ठाऊक नाही तो पॅडल सोडवायला जातो आणि अधिकच आवळून बसतो.

कारागिराचा पहिला धडा म्हणूनच ओळखण्याचा होता. नवा भाग मागवायचा तर मुंबईच्या दुकानाला पत्र जाई, तिथेही नसला तर जहाजाची वाट पाहणे आले. तोपर्यंत शिक्षकाला शाळेत आणि दूधवाल्याला रतिबावर जायचे होतेच.

रबराची टंचाई आणि भोकाचा पैसा

ही अडचण दुसऱ्या महायुद्धात टोकाला गेली. त्यामागची साखळी विलक्षण आहे, कारण तिच्या एका टोकाला सायकलच होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरले आणि सायकलींवरून दक्षिणेकडे निघाले. उष्णतेने आणि खराब रस्त्यांनी टायर फाटत. दुरुस्तीला वेळ नसला की सैनिक टायर काढून टाकत आणि उघड्या लोखंडी रिमवर पुढे जात. शेकडो रिमांचा तो खडखडाट रात्री ऐकून समोरच्या सैन्याला रणगाडे आल्याचा भास होई, असे त्या मोहिमेचे वर्णन आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. जगातल्या रबराचा फार मोठा वाटा मलाया आणि डच ईस्ट इंडीजच्या मळ्यांतून येत असे. ते मळे जपानच्या हाती गेले. रिमवर सायकल दामटणाऱ्या त्या सैन्याने साऱ्या जगातल्या सायकलींच्या टायरवर घाला घातला, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे हुगळीजवळच्या साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ पासून होता आणि त्रावणकोर-कोचीनकडे रबराचे मळेही होते. पण ते रबर आधी युद्धाच्या कामाला जाई. सायकलवाल्याच्या वाट्याला उरेसुरे येई. हॉलंडसारख्या सायकलींच्या देशात जर्मन अंमलाखाली लोक बागेला पाणी घालायच्या नळीचे तुकडे रिमवर बसवून भागवत होते, काही जण चाकांना लाकडाची धाव बसवत होते. आपल्याकडे जुन्या टायरला आतून दुसऱ्या टायरचा तुकडा लावायचा, ज्याला कारागीर ‘गेटर’ म्हणतात, आणि तो तुकडाही झिजला की त्यावर तिसरा, अशी थरावर थर चढवण्याची रीत होती. ट्यूब अगदीच गेली तर टायरमध्ये चिंध्या किंवा गवत ठासून भरायचे. अशी सायकल हाडे खिळखिळी करते, पण रिम वाचते आणि माणूस घरी पोचतो.

त्याच काळात टांकसाळीलाही भागवावे लागले. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून १९४७ पर्यंत मधोमध मोठे भोक असलेला पैसा पाडला गेला. आपले आजी-आजोबा त्याला ‘भोकाचा पैसा’ म्हणत. लोकांनी तो हातात घेतला आणि ओळखले की हा तर वॉशर आहे. लोखंडी वॉशर मिळायची मारामार आणि मिळालाच तर महाग. सरकारने धातू वाचवायला जे भोक पाडले, त्या भोकातून लोकांनी नट-बोल्ट घातले. ज्या नाण्याने भाग विकत घ्यायचा, तेच नाणे भाग म्हणून बसले. टंचाईचे याहून नेमके चित्र मला तरी ठाऊक नाही.

नसलेला भाग काय करत होता?

भागवणाऱ्या कारागिराचा खरा प्रश्न ‘हा भाग कुठे मिळेल?’ असा नसतो. ‘हा भाग इथे बसून काय करत होता?’ असा असतो. नाव बाजूला ठेवून काम पाहायचे. माझा दवाखाना पोळमध्ये असल्यामुळे जुने सायकल-कारागीर रुग्ण म्हणून येत गेले आणि गुडघ्याच्या दुखण्याबरोबर हे शास्त्रही सांगत गेले. दिवसभर उकिडवे बसण्याच्या धंद्यात गुडघे आधी जातात. त्यांनी सांगितलेले आणि मी पाहिलेले काही इलाज इथे क्रमाने देतो.

सर्वात लहान भाग आधी घेऊ. वॉल्व्ह ट्यूब ही बोटाच्या पेराहून थोडी लांब, काडीएवढी रबरी नळी. पितळी वॉल्व्हच्या कुशीत एक बारीक छिद्र असते, त्यावर ही नळी घट्ट चढवलेली असते. पंपाची हवा आतून जोर करून नळी किंचित उचलते आणि ट्यूबमध्ये जाते. पंप थांबला की ट्यूबमधलीच हवा नळीला छिद्रावर दाबून धरते. आपल्या शिरांमधल्या पडद्या हेच करतात. रक्त एका दिशेने जाऊ द्यायचे, परत येऊ द्यायचे नाही. काम कळले की पर्याय दिसतो. फुटक्या फुग्याच्या रबराची पट्टी ताणून छिद्रावर गुंडाळायची आणि दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचे. हवा संध्याकाळपर्यंत टिकते.

पंक्चरचे ठिगळ जुन्याच ट्यूबचे असते. इथे चूक होते ती घाईची. सोल्यूशन म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवलेले रबर. तो द्रव उडून गेल्याशिवाय रबर रबराला धरत नाही. म्हणून कारागीर सोल्यूशन लावून फुंकर मारत थांबतो आणि नवशिका ओल्यावरच ठिगळ ठोकतो. सोल्यूशन नसलेच आणि छिद्र मोठे असले तर ट्यूब त्या जागी दुमडून सुतळीने करकचून बांधायची. चाक दर फेऱ्याला एक उसळी देते, पण हवा राहते.

हवेचे टायर ही वस्तूच मुळी अशा भागवण्यातून आली. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर होते. मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या चाकांवर हादरे देते म्हणून १८८८ मध्ये त्यांनी रबराच्या पत्र्याची नळी केली, ती कापडाने लाकडी चकतीवर बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने फुगवली. पुढे त्या नावाचे कारखाने जगभर झाले. सुरुवात घरच्या अंगणातली होती.

साखळीची कडी तुटली तर तारेने बांधून भागत नाही, कारण तार दात्यांवरून जात नाही. तुटलेली कडी खिळ्याने ठोकून काढायची, उरलेली टोके जोडायची आणि आखूड झालेल्या साखळीसाठी मागचे चाक खाचेत पुढे सरकवायचे. त्या खाचा लांब ठेवलेल्या असतात त्या साखळी ताणण्यासाठी. त्यांचा उलटा उपयोग करायचा.

फ्रीव्हील गेले तर पॅडल पुढे-मागे कसेही फिरते आणि चाक हलत नाही. आत दात्यांत अडकणारे दोन लहान तुकडे असतात, त्यांना केसाएवढ्या तारेची स्प्रिंग वर उचलून धरते. ती तुटली की अडकणे संपले. बहुतेक वेळा मात्र काही तुटलेले नसते. जुने तेल चिकट होऊन ते तुकडे बसलेले असतात आणि घासलेटाने धुतल्यावर उठतात. घरचे गोडेतेल घालणाऱ्यांच्या सायकलीत हे हटकून होते, कारण ते तेल हवेने चिकट होत जाते. शिलाई मशीनचे तेल होत नाही. स्प्रिंग खरोखरच गेली असली तर शेवटचा उपाय म्हणजे दात्यांची चकती मागच्या चाकाच्या तारांना बांधून टाकायची. मग पॅडल सतत फिरत राहते, पाय थांबवता येत नाहीत, उतारावर तर अजिबात नाही. पण सायकल चालते.

चाकाची तार तुटली तर काय करायचे, यात एक गंमत आहे. बैलगाडीचा आरा दाब सोसतो, तुंबा त्याच्यावर उभा असतो. सायकलची तार ताण सोसते. इंग्लिश पद्धतीच्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात आणि त्या साऱ्या मिळून रिमला आत ओढून धरतात. त्यामुळे तुटलेल्या तारेच्या जागी जाड सळई घालून काही साधत नाही. आजूबाजूच्या तारा थोड्या सैल-घट्ट करून तिचे काम वाटून द्यावे लागते. कारागीर याला चाकाचा ‘आऊट काढणे’ म्हणतात. एक माणूस रजेवर गेला की कचेरीत जे करतात तेच.

आता छर्रे. मागच्या चाकात दोन्ही बाजूंना पाव इंचाचे नऊ-नऊ, पुढच्यात ३/१६ इंचाचे दहा-दहा. एखादा छर्रा हरवला तर त्याच्यावाचून चाक चालते. मोठी चूक होते ती वेगळ्या मापाचा छर्रा मिसळण्याची. किंचित मोठा असलेला एकटा सारा भार घेतो आणि वाटी कोरून काढतो. जुने कारागीर सांगत, कमी चालेल, पण भलता नको. वैद्यकीलाही हे लागू आहे.

भागवण्याची मर्यादा

इथवर वाचून भागवण्याचे फार कौतुक चालले आहे असे वाटेल. हल्ली ‘जुगाड’ या नावाने ते पुष्कळ होतेही. एका डॉक्टरला मात्र दुसरी बाजू दिसते.

उपचारात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मानतो. त्रास तात्पुरता शमवणे ही एक आणि रोग बरा करणे ही दुसरी. पहिलीत वाईट काही नाही, जोपर्यंत रुग्णाला आणि वैद्याला दोघांनाही ती तात्पुरती असल्याचे ठाऊक आहे. चांगला कारागीर हा फरक पाळत असे. कुठलाही पर्याय बसवण्याआधी तो मनाशी तीन प्रश्न विचारी. हा तुकडा दगा देईल तेव्हा काय होईल? देण्याआधी काही सूचना मिळेल का? आणि यावर किती अंतर जायचे आहे?

फुग्याच्या रबराची वॉल्व्ह ट्यूब या परीक्षेत उत्तीर्ण होते. ती गेली तर हवा हळूहळू कमी होते, माणूस उतरून चालत जातो. कॉटरच्या जागी ठोकलेला खिळा उत्तीर्ण होत नाही. कॉटर म्हणजे पॅडलचा दांडा आसाला पक्का धरणारी पोलादी पाचर. तिची एक बाजू उतरती सपाट असते, त्या सपाटीवरच तिची पकड. खिळा मऊ लोखंडाचा आणि गोल. चढावर माणूस पॅडलवर उभा राहतो तेव्हा सारे वजन त्या खिळ्यावर येते आणि तो कसलीही सूचना न देता कापला जातो. पाय निसटतो आणि माणूस मधल्या नळीवर आदळतो. ब्रेकच्या रबराऐवजी चपलेच्या तळव्याचा तुकडा कोरड्या दिवसांत चालतो. पहिल्या पावसात ओल्या चकचकीत रिमवर तो नुसता घसरतो. पुढच्या चिमट्याला, म्हणजे फोर्कला, तडा गेला असता तो तारेने आवळणे हा तर गुन्हाच म्हटला पाहिजे.

आपल्या शहरात हाडे बसवण्यासाठी प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव होते. तिथे जाणाऱ्यांत सायकलवरून पडलेले किती असतील याचा अंदाज प्रत्येकाने करावा. भागवण्याची किंमत नेहमी चालवणाऱ्याच्या अंगावर वसूल होते. ज्याच्याकडे पैसे असत तो नवा कॉटर मागवून आठवडाभर टांग्याने जाई. खिळ्यावर चढ चढायची पाळी दूधवाल्यावर, हमालावर, शिकणाऱ्या गरीब मुलावर येई. म्हणून या कौशल्याची आठवण काढताना ते ज्या टंचाईतून आले तिचे गोडवे गायला नकोत.

ओट्यावरचा शब्दकोश

वाङ्मयाच्या व्यासपीठावर सायकलीचे काय काम, असे एखाद्याला वाटले असेल. आता शब्दांकडे वळतो.

बडोद्याला परिभाषेची मोठी परंपरा आहे. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देण्याचा तो प्रचंड उद्योग होता. पंडितांनी बसून केलेला, राजाश्रयाचा, छापील.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, ओट्याओट्यांवर दुसरा एक कोश तयार होत होता. फ्रीव्हीलमधले ते दोन अडकणारे तुकडे इंग्रजीत पशूच्या पंजाची आठवण देणाऱ्या नावाने ओळखले जातात. आपल्याकडे ते ‘कुत्रे’ झाले, कारण ते दात्यांना चावून धरतात आणि सोडत नाहीत. ज्यात छर्रे बसतात ती ‘वाटी’. धातूवर कोरलेले फेरे ते ‘आटे’. चाक डगमगते तो ‘आऊट’. ओव्हरहॉलिंगचे ‘ओव्हरऑइल’ झाले. व्याकरणाने हा अपभ्रंश आहे, पण अर्थाने तो अचूक बसतो, कारण त्या कामात सगळे खोलून, धुऊन पुन्हा तेल-ग्रीसच घालतात. आमच्या भागात एकाच ओट्यावर मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी माणसे बसत. ‘पाना’, ‘पक्कड’, ‘छर्रे’ हे शब्द तिन्ही भाषांत फिरत राहिले आणि कोणी कोणाचे ते विचारले नाही.

दोन कोशांत एक मूलभूत भेद आहे. पहिला इंग्रजी शब्द समोर ठेवून प्रतिशब्द शोधतो. दुसऱ्याने इंग्रजी शब्द ऐकलाच नव्हता किंवा ऐकून सोडून दिला होता. त्याने वस्तूचे काम पाहिले आणि नाव ठेवले. नसलेल्या भागाचे काम ओळखून पर्याय शोधणे आणि अनोळखी भागाचे काम ओळखून नाव देणे या एकाच बुद्धीच्या दोन करामती आहेत. पहिला कोश ग्रंथालयांत सुरक्षित आहे. दुसऱ्याची एकही प्रत नाही.

ओट्यावरून कारखान्यात

आता उद्योगाकडे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशी सायकल उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि चार-पाच वर्षांत चित्र बदलले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स स्थापन झाली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास. आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. यांतल्या काहींना विलायती कंपन्यांचा हात होता.

लुधियानाची गोष्ट वेगळी आहे. मुंजाल बंधू १९४४ मध्ये अमृतसरला आले आणि सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार करू लागले. फाळणीच्या धामधुमीत ते लुधियानाला गेले. सुटे भाग विकणाऱ्याला एक गोष्ट कारखानदाराच्या आधी कळते. कोणता भाग सर्वात जास्त मागितला जातो, कोणता मिळत नाही आणि लोक त्याच्या जागी काय वापरतात. १९५४ मध्ये त्यांनी फोर्क बनवायला घेतले आणि १९५६ मध्ये पुरी सायकल. तीच ‘हीरो’. १९८६ मध्ये ती जगातली सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेसच्या नोंदीत गेली. लुधियानात घरोघरी, गल्लोगल्ली कोणी नट, कोणी पॅडल, कोणी मडगार्ड करत होते. हा उद्योग सायकलीकडून भागाकडे गेला नाही, भागाकडून सायकलीकडे आला. टंचाईने जे शिकवले होते तेच तिथे भांडवल झाले.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे मापे ठरत गेली. २२ इंची किंवा २४ इंची काळी सायकल, २८ × १½ चे टायर, हे सगळीकडे एकच झाले. बडोद्यात घेतलेल्या सायकलीचा छर्रा नंदुरबारला मिळू लागला, वॉल्व्ह ट्यूब तर खेड्यातल्या किराणा दुकानात. भागवण्याची गरज संपत आली, आणि ती संपावी हीच प्रत्येक भागवणाऱ्याची इच्छा होती.

आज

मग हा विषय संपला का? मला तसे वाटत नाही.

आज गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकली पुन्हा अशा भागांनी बनतात, जे एका कंपनीचे दुसरीला बसत नाहीत. २४ आणि २६ आट्यांचे भांडण नव्या रूपात परत आले आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही क्षेत्रे होती. सायकल त्यांत नव्हती, कारण सायकल कोणीही दुरुस्त करतो असे आपण अजून गृहीत धरतो.

ते गृहीत आता तपासायला हवे. आपल्या राज्यात सरस्वती साधना योजनेत नववीत जाणाऱ्या पात्र मुलींना सायकल मिळते. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना सुरू केली. ही सायकल म्हणजे त्या मुलीची शाळा आहे. गाव आणि माध्यमिक शाळा यांच्यातले अंतर ती कापते. पण वॉल्व्ह ट्यूब गेली, फ्रीव्हील बसले आणि गावातला शेवटचा सायकलवाला मोबाइलची दुकानदारी करू लागला असेल, तर ती सायकल पडवीत उभी राहते आणि थोड्या दिवसांत मुलगीही घरी बसते. शाळा सुटण्याचे कारण म्हणून कागदावर काहीही लिहिले जाईल. दोन पेरांची रबरी नळी असे कोणी लिहिणार नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली शाळांसाठी. जिथे सायकली वाटल्या जातात तिथे एक पाना, एक पंप, सोल्यूशनची नळी आणि मूठभर वॉल्व्ह ट्यूब शाळेत ठेवाव्यात, आणि पंक्चर काढणे, साखळी चढवणे, ब्रेक तपासणे हे मुलींना तासाभरात शिकवावे. कुठे भागवायचे आणि कुठे भागवायचे नाही, हेही त्याच तासाला सांगावे.

दुसरी आपल्यासारख्या साहित्यसंस्थांसाठी. मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत अजून काही जुने कारागीर हयात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसणारा एखादा विद्यार्थी हवा. प्रत्येक भागाला ते काय म्हणतात, तो नसला तर काय लावत, आणि कशाला ‘नाही, हे मी करणार नाही’ म्हणत, एवढे तीन रकाने पुरे आहेत. त्यांतला तिसरा रकाना न चुकता भरून घ्यावा. ती वही छापली गेली तर १९३१ च्या कोशाशेजारी ठेवायला जागा आहे.